जुनी कॅम्पर व्हॅन घेताय? इंजिनाच्या आधी आरसी आणि पत्रा तपासा

जामसंडे (ता. देवगड) : मागे झोपायला पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि खिडकीबाहेर समुद्र. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. नवी गाडी परवडत नाही म्हणून अनेक जण १२-१५ वर्षे जुन्या व्हॅनकडे वळतात. पण किनाऱ्यावर गाडीचे वय फक्त किलोमीटरवर ठरत नाही. पत्रा खारा वारा खातो आणि खिसा अर्धवट कागद रिकामा करतात. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

आरसीवर काय बघायचे?

■ वाहनाचा प्रकार : प्रवासी किंवा मालवाहू गाडीत पलंग-ओटा बसवला, म्हणून ती कागदोपत्री कॅम्पर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बदलांची नोंद आरसीवर लागते. नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

■ पाटीचा रंग : पिवळी पाटी म्हणजे व्यावसायिक वाहन. आठ वर्षांनंतर त्याला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते.

■ १५ वर्षांची मुदत : खासगी गाडीची नोंदणी त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीचे हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढील हलक्या वाहनांसाठी ते १० हजार झाले. पर्यावरण कर वेगळा.

■ हस्तांतर : फॉर्म २९ आणि ३० भरा. कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्या. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी हवीच.

गंज कुठे लपतो?

दरवाजांचा खालचा भाग, पायरी, चाकांवरच्या कमानी, छताची पन्हळ आणि चासी. गाडी रॅम्पवर चढवून टॉर्चने खालून बघा. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर पत्रा खणखणला तर ठीक, भुसभुशीत लागला तर आत पोकळ झाला आहे. चुंबक चिकटत नसेल, तिथे पुट्टी भरलेली असते. जुन्या गाडीच्या तळाला ताजा काळा रंग दिसला, तर तो कशासाठी मारला हे विचारा.

इंजिन दुरुस्त करता येते, गॅरेज आणि सुटे भागही मिळतात. गंजलेल्या चासीला मात्र भरवशाचा इलाज नाही.

आत काय तपासायचे?

छताची खिडकी आणि फटींवर पाइपने पाणी मारून गळती पाहा. प्लायवूड फुगले असेल किंवा कुबट वास येत असेल, तर पाणी आधीपासून मुरते आहे. दिवे-पंख्यासाठी वेगळी बॅटरी आणि प्रत्येक जोडणीला फ्यूज हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास गॅस जमिनीलगत साचतो. त्यामुळे हवा जायला झरोका फरशीजवळही लागतो.

घाटासाठी गाडी तयार आहे का?

जामसंड्याहून कोल्हापूरला जायचे तर वाटेत फोंडाघाट लागतो. पलंग, टाकी, सामान मिळून गाडी जड होते, म्हणून ब्रेक आणि कमानपाटे मेकॅनिककडून तपासून घ्या. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होऊन तडकते.

घेतल्यानंतर काय?

■ किनाऱ्यावरून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा. वाळूवर गाडी उतरवू नका.
■ पावसाआधी दरवाजांच्या तळाची निचऱ्याची छिद्रे मोकळी करा आणि गंजरोधक थर पुन्हा मारून घ्या.
■ ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. ओल आत कोंडते. शेड असेल तर उत्तम.
■ गाडी उभी असली तरी दर १५ दिवसांनी थोडी चालवा. बॅटरी, ब्रेक आणि टायर टिकतात.

हिशेब करताना खरेदीच्या किमतीत हस्तांतर, विमा, नोंदणी, टायर आणि पत्र्याचे काम धरा. बेरीज बजेटबाहेर गेली तर गाडी सोडून द्या. बयाणा देण्याआधी एक दिवस थांबून स्थानिक गॅरेजवाल्याला सोबत न्या. त्याची मजुरी हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च ठरतो.