काट्याचा आकडा कॉम्प्युटरपर्यंत पोचतो का? जोडणी तपासण्याची रीत



गाळप हंगाम सुरू झाला की काट्यावर एक वाक्य वरचेवर कानी पडते: ‘नेट गेलंय, थोडं थांबा.’ मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, गाडीवान खोळंबलेला, तोडलेला ऊस उन्हात वाळत असलेला आणि आत कॉम्प्युटरपुढे बसलेला कारकून नुसता माउस हलवत असलेला. ‘नेट गेलं’ म्हणजे नेमके काय गेले, हे बाहेरच्याला कळत नाही आणि पुष्कळदा आतल्यालाही सांगता येत नाही. वास्तविक ते थोड्या वेळात शोधून काढता येते. ती रीत काट्यावरच्या माणसांना तर यावीच, पण सभासदांनाही ठाऊक असावी, म्हणून हा विषय घेतला आहे.

सभासदांचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ पैशाचा आहे. काटा आणि कॉम्प्युटर यांची जोडणी तुटली की वजनाचा आकडा हाताने टाकावा लागतो आणि हाताने टाकलेल्या आकड्यावर शंका येतेच. २०२५-२६ च्या हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. म्हणजे आकड्यात एका क्विंटलची चूक झाली तर एका खेपेला एवढी रक्कम इकडची तिकडे होते. काटे डिजिटल आणि ऑनलाईन करा, अशी मागणी शेतकरी संघटनांनी २०२२ साली लावून धरली ती याचसाठी. त्याच वर्षी साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे मोबाईल ॲप काढले. नोंद मोबाईलवर, वजन कॉम्प्युटरवर, बिल बँकेत, असा सगळा कारभार आता तारेवर आणि बिनतारी चालतो. तार कुठे तुटली हे ओळखता आले पाहिजे.

आधी आकड्याचा प्रवास पाहू. गाडी काट्यावर उभी राहिली की प्लॅटफॉर्मखालच्या लोडसेलवर भार पडतो. सगळ्या लोडसेलच्या तारा एका पेटीत, म्हणजे जंक्शन बॉक्समध्ये येतात. तिथून एक तार केबिनमधल्या इंडिकेटरला जाते. लाल आकडे दिसतात तो डबा म्हणजे इंडिकेटर. इंडिकेटरपासून कॉम्प्युटरला केबल, कॉम्प्युटरपासून कारखान्याच्या ऑफिसला नेटवर्क आणि ऑफिसपासून बाहेर इंटरनेट. आता लक्षात घ्या, वजन इंडिकेटरवरून कॉम्प्युटरवर यायला इंटरनेटची काडीमात्र गरज नाही. ते काम दोन-चार मीटरच्या केबलचे आहे. इंटरनेट बंद पडले म्हणून काटाच बंद पडत असेल तर तिथली मांडणी चुकली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पावती जागेवर निघाली पाहिजे. मोबाईलवरचा मेसेज तासाभराने गेला तरी बिघडत नाही.

तपासणीची रीत आपल्याला नवी नाही. पाटाचे पाणी टेलला पोचले नाही तर आपण काय करतो? आपल्या चारीपासून वर चालत जातो. शेताचे दार, चारी, वितरिका, मग मुख्य कालवा. जिथे पाणी दिसते आणि त्याच्या खाली दिसत नाही, बिघाड त्या दोन जागांच्या मध्ये. आपल्या जिल्ह्यात वाघाडच्या कालव्यावर ओझरच्या टेलच्या शेतकऱ्यांनी १९९०-९१ च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली. मोजमाप हाती आल्यावर पाणी कुठे मुरते हा वाद घालण्याचा विषय राहिला नाही, पाहण्याचा झाला. कॉम्प्युटरची जोडणीही अशीच, जवळून लांब तपासत जायची.

पहिली पायरी केबलची. काटा रिकामा असताना इंडिकेटरवर शून्य आणि कॉम्प्युटरवरही शून्य हवे. मग भरलेली ट्रॉली उभी करून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी वाचावेत. कॉम्प्युटरवर चित्रविचित्र अक्षरे आली तर बहुधा दोन्हीकडचा वेग जुळत नाही. इंडिकेटर ९६०० वर बोलत असेल तर कॉम्प्युटरही ९६०० वरच ऐकायला हवा. काहीच आले नाही तर केबल, किंवा प्रोग्राममध्ये पोर्टचा नंबर चुकीचा. आर.एस.-२३२ ही नेहमीची केबल साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची. ऑफिस लांब असेल तर आर.एस.-४८५ पद्धतीची जोडणी घ्यावी, ती १२०० मीटरपर्यंत जाते. जुनीच केबल गाठी मारून लांबवण्याचा उद्योग कोणी करू नये.

केबल ठीक निघाली की नेटवर्क. इथे ‘पिंग’ नावाची चाचणी कामाला येते. शिवारातून हाळी द्यावी आणि पलीकडच्या मळ्यातून ‘ओ’ यावी, तसा हा प्रकार. १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस या अमेरिकन गृहस्थांनी हा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव दिले. विंडोजच्या कॉम्प्युटरवर ‘कमांड प्रॉम्प्ट’ची काळी खिडकी उघडायची, पी-आय-एन-जी ही चार इंग्रजी अक्षरे टाकायची, जागा सोडून पत्ता टाकायचा आणि एंटर दाबायचा. पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकावा.

पहिला पत्ता १२७.०.०.१. हा कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता. इथून उत्तर आले नाही तर बिघाड कॉम्प्युटरच्या आतच, बाहेर शोधायला नको. दुसरा पत्ता आपल्या राउटरचा. तो पुष्कळ ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो, पण सगळीकडे नाही. आपला कोणता, हे त्याच खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द सलग इंग्रजीत टाकला की ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे दिसते. त्या यादीत आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे बहुतेक वायर निघालेली आहे किंवा राउटर बंद. (उंदरांनी कुरतडलेली वायर हाही आपल्याकडचा नित्याचा प्रकार.) तिसरा पत्ता ८.८.८.८. हा बाहेरच्या जगातला. राउटरची ‘ओ’ आली आणि याची आली नाही तर दोष बाहेरच्या लाइनचा. तेव्हा आत खटपट न करता सरळ तक्रार नोंदवावी. आणि ८.८.८.८ उत्तर देतो पण नावाने कोणतीच वेबसाइट उघडत नाही, असे झाले तर नावावरून पत्ता शोधणारी डी.एन.एस. ही व्यवस्था बिघडली आहे. एक सावधगिरी मात्र ठेवावी. काही यंत्रांना पिंगला उत्तर देऊ नये असे मुद्दाम सांगून ठेवलेले असते. नुसती ‘ओ’ आली नाही म्हणून ते यंत्र बंदच, असे धरू नये.

पिंग विंडोजवर चारदा हाळी देऊन थांबतो. चार हाळ्यांवरून फारसे कळत नाही, कारण खरी गंमत अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीची असते. पत्त्यानंतर जागा सोडून आडवी रेघ आणि ‘एन’ हे अक्षर, मग १०० टाकले की शंभरदा हाळी जाते. शेवटी किती हरवल्या त्याची टक्केवारी येते. केबिनपासून राउटरपर्यंत एकही हाळी हरवता कामा नये. तीन-चार हरवल्या तर सॉकेट सैल आहे किंवा वायर मोटारीच्या केबलजवळून गेली आहे, असे समजून शोध घ्यावा. ही चाचणी सकाळी रिकाम्या वेळी घेऊन उपयोग नाही. संध्याकाळी रांग लागलेली असताना, गव्हाण आणि मोटारी पूर्ण चालू असताना घ्यावी. विंडोजमधल्या ‘टास्क शेड्युलर’मध्ये वेळ नेमून दिली तर ती रोज आपोआप होते. ओळीच्या शेवटी ‘पेक्षा मोठे’ची खूण दोनदा देऊन फाइलचे नाव लिहिले की निकाल रोजच्या रोज खाली-खाली जमा होत जातो. मग ‘नेट गेलं’ हे कधी, किती वेळा, हे कागदावर दाखवता येते.

आता ब्लूटूथ. चिटबॉयच्या कमरेचा छोटा पावती-प्रिंटर, जमिनीतला ओलावा सांगणारे सेन्सर, ठिबकचे काही कंट्रोलर यांत हेच असते. यात पहिला घोळ दोन शब्दांचा होतो. ‘पेअर’ होणे म्हणजे सोयरीक जुळणे आणि ‘कनेक्ट’ होणे म्हणजे प्रत्यक्ष बोलणे चालू होणे. यादीत ‘पेअर्ड’ दिसते म्हणून छापाई होईलच असे नाही. पुष्कळ प्रिंटर एका वेळी एकाच मोबाईलशी बोलतात. शेजारच्या चिटबॉयच्या मोबाईलने तो आधीच धरला असेल तर आपल्याला नकारच मिळणार. पिन विचारला तर ०००० किंवा १२३४ करून पाहावे. कॉम्प्युटरला जोडताना ब्लूटूथसाठी वेगळा ‘कॉम’ पोर्ट तयार होतो, प्रोग्राममध्ये तोच नंबर द्यावा. बऱ्याच प्रिंटरमध्ये कागद सरकवायचे बटण दाबून धरून तो चालू केला की स्वतःची चाचणी-पावती निघते. ती निघाली तर प्रिंटर चांगला आणि दोष जोडणीचा. नवी सेन्सर-यंत्रे मात्र मोबाईलच्या सेटिंगमधून न जोडता त्यांच्या ॲपमधूनच जोडायची असतात आणि जुन्या अँड्रॉइड मोबाईलवर त्यासाठी ‘लोकेशन’ चालू लागते. ते बंद असल्यामुळे चांगले यंत्र नादुरुस्त म्हणून परत पाठवू नये.

अंतराची चाचणीही घ्यावी. दोन पावलांवरून, दहा पावलांवरून आणि मध्ये भरलेली ट्रॉली उभी करून. साधे ब्लूटूथ सुमारे दहा मीटरचे. त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात मुरतात आणि लोखंडावर आपटून मागे फिरतात. भरलेली ट्रॉली म्हणजे लोखंड आणि रसाने भरलेला ऊस, दोन्ही एकत्र. वायफायही बहुधा याच लहरींवर, त्यामुळे केबिनमध्ये गर्दी होते. या कारणांसाठी काटा आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बिनतारी जोडणी घेऊ नये, तिथे केबलच हवी.

आता राहिला वजनाचा प्रश्न. वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या आकडा जसाच्या तसा पोचला की नाही, एवढेच सांगतात. आकडा मुळात बरोबर आहे की नाही, ते काम वैधमापन खात्याच्या प्रमाणित वजनांचे आणि त्यांच्या शिक्क्याचे. पावती हातात पडली की भरलेले वजन, रिकामे वजन आणि दोन्हींच्या वेळा पाहाव्यात. गाडी काट्यावर असतानाच बाहेरच्या डिस्प्लेवरचा आकडा वाचून ठेवावा आणि पावतीशी ताडून पाहावा. त्या वेळी जोडणी बंद होती आणि वजन हाताने टाकले असेल, तर तशी नोंद पावतीवर करून मागावी आणि गाडी काट्यावरून उतरण्याआधी मागावी.