झोप गाढ, विहीर खोल

बेळगावात पाऊस मुसळधार पडतो, वारा सोसाट्याचा सुटतो. हे वाक्य वाचताना कुणी अडखळत नाही. पण आमच्या टेबलावर येणाऱ्या मजकुरात अलीकडे 'जड पाऊस', 'मजबूत वारा', 'खोल झोप' दिसू लागली आहे. शब्द मराठी, जोडी मात्र इंग्रजीतून उचललेली.

इंग्रजीत पावसाला 'हेवी', वाऱ्याला 'स्ट्राँग', झोपेला 'डीप' लावतात. त्यात तर्कापेक्षा वहिवाट जास्त. 'स्ट्राँग रेन' म्हटले तर इंग्रजी जाणणाराही हसेल. मराठीची वहिवाट निराळी. आपल्याकडे विहीर खोल, झोप गाढ. धुके दाट, काळोख मिट्ट. थंडी कडाक्याची, ऊन रणरणते. चहा कडक, निपाणीचा तंबाखूही कडक. श्रद्धा मात्र नितांत. घरातले उखळ-मुसळ गेले, तरी मुसळासारख्या जाड धारा 'मुसळधार' या शब्दात अजून कोसळतात.

याचे खापर कन्नडवर फोडण्याचे कारण नाही. 'गाढ निद्रे' कन्नडमध्येही आहे. 'गाढ' हा संस्कृत शब्द दोघींनी आपलासा केला. कन्नडमधल्या 'भारी मळे'चा अर्थ जोराचा पाऊस. आपल्याकडे 'भारी पाऊस' म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते कौतुकच वाटेल! शेजारणीचे शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो, त्याने भाषा बिघडली नाही. बिघडते ती शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करण्याच्या सवयीने.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. २००४ साली महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. हक्काची लढाई लढलीच पाहिजे. पण फलकावर मराठी आली आणि घरातल्या पोराला झोप 'खोल' वाटू लागली, तर आपण नेमके काय राखले?

शिक्षकांना आमची एवढीच विनंती आहे : शब्द सुटा शिकवू नका, जोडीने शिकवा. आणि पालकहो, पोरांना आजीजवळ बसू द्या. कोणत्या नावाला कोणते विशेषण शोभते, हे तिला कोश न उघडता ठाऊक असते.