सासूबाईंच्या ओव्या परत आल्या त्याची गोष्ट

आमच्या गारखेड्यात, सूतगिरणी चौकाच्या अलीकडे, कॉम्प्युटर दुरुस्तीची चार-दोन दुकानं आहेत. त्यांतल्याच एकात गेल्या दिवाळीनंतर आमचं घरचं यंत्र गेलं. चालू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचं. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा आधार कंपनीनं काढून घेतलेला. "नवीन विंडोज टाकून देतो, मावशी," असं दुकानातला मुलगा म्हणाला आणि मी बाई खुशाल "टाक" म्हटलं.

संध्याकाळी यंत्र घरी आलं. लावून बघते तो काय, पडदा लख्ख! घासूनपुसून पालथ्या घातलेल्या परातीसारखा. मुलांचे फोटो नाहीत, बचत गटाचा हिशेब नाही, आणि 'आईंच्या ओव्या' नावाची माझी फाइल नाही. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "डेटा ठेवायचा होता तर आधी सांगायचं ना!"

सासूबाईंचं माहेर पैठणकडचं. जात्यावरच्या ओव्या त्यांना तोंडपाठ. मी लग्नाआधी डीटीपी शिकलेली, म्हणून दुपारी त्या सांगायच्या आणि मी टाइप करायची. दीडशेच्या वर ओव्या झाल्या होत्या. आता त्या नाहीत, आणि वही म्हणाल तर कधी केलीच नव्हती. हे म्हणाले, "जाऊ दे." पण मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. आल्या आल्या त्यानं विचारलं, "मामी, कालपासून यात नवीन काही टाकलं नाही ना?" नव्हतं टाकलं. "मग आशा आहे," म्हणाला.

त्यानं जे समजावलं ते मला डाळीच्या डब्यावरून कळलं. कॉम्प्युटरमधून फाइल पुसली म्हणजे डब्यावरची चिठ्ठी निघते; डाळ आत तशीच असते. त्यावर दुसरं धान्य ओतलं, की मग मात्र संपलं. म्हणून फाइल गेल्याचं कळताच यंत्र वापरायचं थांबवायचं. सोडवणारा प्रोग्रामसुद्धा त्याच डिस्कवर उतरवायचा नाही, आणि सापडलेलं सगळं पेनड्राइव्हवर घ्यायचं.

आमच्या बाबतीत तर चिठ्ठीही शाबूत निघाली. दुकानातल्या मुलानं सी ड्राइव्ह फॉरमॅट न करताच वरून नवी विंडोज टाकली होती. असं केलं की जुना सगळा संसार सी ड्राइव्हमध्येच 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात बांधून ठेवला जातो. त्यात 'युजर्स', त्यात आपलं जुनं नाव, आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. उघडताना "तुम्हाला परवानगी नाही" अशी पाटी आली. 'कंटिन्यू' दाबून थोडं थांबलो आणि दार उघडलं. पहिला दिसला तो धाकटीच्या बारशाचा फोटो!

मात्र हे गाठोडं कायमचं नसतं. साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून टाकून देते. 'डिस्क क्लीनअप'मध्ये जुन्या विंडोजच्या नावापुढे खूण केली तर त्याच्या आधीच जातं. म्हणून जागा करायची घाई नको.

फॉरमॅट झालेलं असेल तर काम अवघड. फोटोरेक, रेकुवा असे प्रोग्राम डिस्क चाळून फोटो काढतात, पण बहुधा नावं जातात. हजार फोटो एकेक उघडून ओळखत बसायचं. आणि नव्या यंत्रांत एसएसडी असते, ती पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकते. तिथे आशा फारच थोडी. यंत्राला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ आकडी किल्ली लागते. ती आधीच वहीत उतरवून ठेवलेली बरी.

ओव्यांची फाइल मिळाली. हात जोडून उघडली, तर सगळं अगम्य! इंग्रजी अक्षरं, टिंबं, चिन्हं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. भाचाही गोंधळला. पण इथे माझं डीटीपी कामी आलं. त्या काळी आम्ही श्रीलिपीत टाइप करायचो. तो फॉन्ट यंत्रात नसला की मराठी अशीच दिसते. अक्षरं बिघडलेली नसतात, फक्त त्यांचा पोशाख हरवलेला असतो. त्याच जुन्या फोल्डरात 'विंडोज', त्यात 'फॉन्ट्स', तिथे माझा फॉन्ट निवांत बसला होता. त्यावर उजवं बटण दाबून 'इन्स्टॉल' केलं, फाइल पुन्हा उघडली, आणि आईंचे शब्द ओळीनं उभे राहिले.

आता त्या युनिकोडमध्ये करून घेतल्यात, म्हणजे मोबाइलवरही वाचता येतात. जोडाक्षरं काही ठिकाणी मोडली, ती हातानं दुरुस्त करते आहे. आणि दुकानात यंत्र देताना आता पहिला प्रश्न माझा असतो : "सी ड्राइव्हमधलं कुठे काढून ठेवणार?" डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग, हे मला इतकी वर्षं कुठे माहीत होतं!

ओव्या नणंदेला पाठवल्या. रात्री तिचा फोन. "वहिनी, चाळिसावी चुकलीय. आई तिथे 'बंधू' नाही, 'भाऊराया' म्हणायची." आणि तिला आठवलेल्या आणखी तीन ओव्या तिनं फोनवरच सांगितल्या. मी लिहून घेतल्या. या वेळी आधी वहीत.