वाकळेंतील बगाड

वाकड येथें सूनबाईंनीं आमच्या कैलासवासी मातोश्रींच्या लुगड्यास कात्री लाविली, तेव्हां आम्हांस राग आला. परंतु गोधडी (हिलाच कोणी वाकळ म्हणतात) जुन्या वस्त्रांचीच व्हावयाची. धुऊनधुऊन मऊ झालेलें सूत अंगास टोंचत नाहीं. चैत्री पौर्णिमेस हिंजवडीहून वाकडास येणारें म्हातोबाचें बगाड सूनबाईंनीं पाहिलें होतें. लुगड्याच्या काठाचा त्यांनीं बगाडाचा आडवा दांडा केला, आमच्या धोतराचे गर्दींतले पांढरे फेटे केले (तेंही विचारल्यावांचून!), आणि आळंदीस पाहिलेल्या घाटाच्या पायऱ्या धांवदोऱ्याच्या ओळींनीं उतरविल्या. पदर मात्र मध्यभागीं अखंड होता. तो कां कापिला नाहीं, असें आम्हीं विचारिलें.

"तेथें आजींनीं फाटलेलें शिवलें आहे, मामंजी. तो टांका उसवावयास माझा हात होईना."