रक्ताची साक्ष

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० च्या किरणोत्सर्गाने काही कामगार होरपळले. त्यांपैकी एक दगावला. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले एक जुने उपकरण तेथे फोडले गेले होते. अणुकेंद्रात किंवा रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात काम करणाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. भंगार फोडणाऱ्याच्या छातीवर तो कोण लावणार? त्याच्या शरीराने किती किरण झेलले, याची साक्ष त्याच्या रक्तालाच द्यावी लागते.

ही साक्ष डीएनएत नोंदलेली असते. एक ग्रे मात्रेने प्रत्येक पेशीत डीएनएचा एकेरी धागा सुमारे १,००० ठिकाणी तुटतो. दोन्ही धागे एकाच जागी तुटल्याच्या घटना मात्र ४० च्या आसपास असतात. एकेरी तूट समोरच्या धाग्याबरहुकूम सांधली जाते. दुहेरी तुटीत भलतीच टोके एकमेकांना जोडली जाण्याचा धोका असतो आणि त्यातूनच दोन केंद्रे असलेले विद्रूप गुणसूत्र जन्मते. किरणांचा संपर्क न झालेल्या माणसात असे गुणसूत्र हजार पेशींत एखादेच सापडते. म्हणूनच त्याची मोजदाद विश्वासार्ह ठरते. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका ओसाड दवाखान्यातील सीझियम-१३७ भंगारात गेले आणि चौघांचा बळी पडला, तेव्हाही बाधितांची मात्रा ठरविण्यास हीच पद्धत उपयोगी पडली.

पद्धत मात्र संथ आहे. पांढऱ्या पेशी सुमारे ४८ तास वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवायच्या आणि मग शेकडो पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासायच्या. येथील खरा खर्च काचेचा वा रसायनांचा नसून तरबेज नजरेचा आहे.

तुलनेने झटपट पद्धतीही निघाल्या. स्वीडनमध्ये १९८४ साली ऑस्टलिंग व योहान्सन यांनी पेशी जेलीत बसवून तिच्यातून विद्युतप्रवाह सोडला. तुटका डीएनए धन ध्रुवाकडे सरकून पेशीला धूमकेतूसारखे शेपूट फुटले. १९८८ मध्ये नरेंद्र पी. सिंग आणि सहकाऱ्यांनी अल्कधर्मी द्रावण वापरून एकेरी तुटीही याच रीतीने टिपल्या. त्याच पेशी थोड्या थोड्या वेळाने तपासल्या, तर शेपूट आखूड होताना दिसते, म्हणजे दुरुस्तीच डोळ्यांपुढे उभी राहते! १९९८ पासून दुहेरी तुटीभोवतीच्या एका प्रथिनावरील रासायनिक खूणही ओळखता येऊ लागली.

तथापि या खुणा अल्पायुषी. प्रथिनावरील खूण अर्ध्या तासाच्या सुमारास सर्वाधिक ठळक असते आणि एक-दोन दिवसांत बव्हंशी पुसली जाते. भंगार कामगार तर मळमळ, काळवंडलेली कातडी घेऊन कित्येक दिवसांनी दवाखाना गाठतो. त्याच्या कामी येते ती जुनी, संथ मोजदादच. कारण विद्रूप गुणसूत्रे महिनोन्‌महिने टिकतात. जिला वर्षानुवर्षे गिऱ्हाईक मिळत नाही, अशी ही तरबेज नजर कोणतीही बाजारपेठ पोसणार नाही. तिचा पगार सरकारी तिजोरीतूनच व्हावयास हवा. आणीबाणीच्या प्रसंगी माणसागणिक अवघ्या ५० पेशी मोजूनही कोणाला तातडीने उपचार हवेत, हे ढोबळमानाने ठरविता येते.