डेटाबेसचा रोजचा बॅकअप: सेटिंग एकदाच सेव्ह करा, पुन्हा पुन्हा वापरा

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप रोज रात्री २ वाजता चॅटचा बॅकअप घेतं. त्यासाठी तुम्ही रोज सेटिंग भरता का? नाही ना! तुमच्या वेबसाइटच्या मायएसक्यूएल डेटाबेसचंही तसंच करता येतं.

बरेच जण प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून ठेवतात. पासवर्ड बदलला की एखादी स्क्रिप्ट बदलायची राहून जाते. तिचा बॅकअप गुपचूप बंद पडतो आणि कळतं ते डेटा उडाल्यावरच!

उपाय सोपा आहे. लिनक्स सर्व्हरवर तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘.माय.सीएनएफ’ ही फाइल बनवा (नाव इंग्रजीतच टाइप करा). ‘क्लायंट’ विभागात युजरनेम-पासवर्ड आणि ‘मायएसक्यूएलडंप’ विभागात ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ लिहा. या पर्यायामुळे साइट चालू असतानाही इनोडीबी टेबलांचा एकाच क्षणाचा स्नॅपशॉट मिळतो. फाइलची परमिशन ६०० ठेवा, म्हणजे सर्व्हरवरच्या इतर साध्या युजरना ती वाचता येणार नाही.

आता त्याच युजरच्या क्रॉनमध्ये वेळ आणि मायएसक्यूएलडंपची कमांड टाका. बाकीची सेटिंग ती दर वेळी त्या फाइलमधून आपोआप उचलेल. पासवर्ड बदलला, तर बदल एकाच जागी!

आणि हो, अधूनमधून बॅकअप दुसरीकडे रिस्टोअर करून बघा. तो खरंच चालतो का, हे तेव्हाच कळतं.