सायकल आणि शहर : दारातली गाडी कुणाची?

सायकलपट्टा किती रुंद असावा, हा मागच्या आठवड्यात कबूल केलेला हिशेब आज राहू दे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचकाने मध्येच सवाल टाकलाय : पुण्यात सायकलींसाठी किंवा पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करायचं नाव काढलं, की दुकानदार खवळतात. त्यांचं नेमकं काय चुकतं?

सगळंच चुकतं असं नाही, म्हणून तर हा विषय सोडवत नाही.

पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७मध्ये ८२४ किलोमीटर सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. त्यानंतर तीनच महिन्यांनी सशुल्क पार्किंगचं धोरण सभेपुढे आलं आणि असा गदारोळ झाला, की अख्ख्या शहरासाठी आखलेलं ते धोरण पाच रस्त्यांवर आलं. वरवर पाहता हे दोन वेगळे विषय. पण सायकलपट्ट्याला जागा लागते ती रस्त्याच्या कडेची, आणि त्याच कडेला गाड्या उभ्या असतात. पुण्यातलं सायकलींचं भांडण मुळात पार्किंगचं भांडण आहे. सातारा रस्त्यावर बीआरटीसोबत, म्हणजे बससाठीच्या राखीव मार्गिकांसोबत, सायकलमार्गही झाले होते. त्यांचं पुढे काय झालं, हे तिथे लावलेल्या दुचाक्या सांगतील.

लक्ष्मी रस्त्याची गोष्ट आणखी नाजूक. साड्या आणि सोनं यांची ही पेठ, रस्ता एकेरी. ११ डिसेंबर २०२१ला पादचारी दिनानिमित्त नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा वाहनांसाठी बंद झाला. लोक मजेत फिरले. पण अशा रस्त्यावरच्या दुकानदाराचं गणित ठरलेलं असतं : लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब पिशव्या घेऊन अर्धा किलोमीटर चालायचं नाही, ते सरळ मॉल गाठेल.

मग त्याचं गिऱ्हाईक येतं तरी कसं? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ग्लॉस्टर रोड नावाचा दुकानांचा लांबलचक रस्ता आहे. तिथे २००६च्या सुमारास सस्ट्रान्स या संस्थेने दोन्ही बाजूंना विचारून पाहिलं. दुकानदारांचा अंदाज होता, शंभरातले ४१ ग्राहक मोटारीने येतात. ग्राहकांनी सांगितलेला आकडा निघाला २२. चालत येणारे निम्म्याहून जास्त होते. अर्ध्या मैलाच्या आत राहणारे ग्राहक दुकानदारांना शंभरात १२ वाटत होते, प्रत्यक्षात होते ४२.

ते दुकानदार खोटं बोलत नव्हते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दारात लागलेली गाडी दिसते, जागा न मिळाल्याची तक्रारही ऐकू येते. शेजारच्या गल्लीतून चालत येऊन खरेदी करून जाणारी बाई मात्र कसली तक्रार करत नाही, त्यामुळे ती मोजलीच जात नाही. आणखी एक गोष्ट शटर उघडायच्या वेळी आपल्याकडच्या बाजारात उभं राहिलं की कळते. दारातल्या पहिल्या दुचाक्या मालकाच्या आणि नोकरांच्या असतात, आणि त्या रात्रीपर्यंत हलत नाहीत. ग्राहकाची जागा गेली म्हणून ओरडायचं आणि ती सकाळीच आपण अडवायची, हे जरा गमतीचंच!

आता दुकानदारांची खरी बाजू. मालाचा टेम्पो. कापडाचे गठ्ठे कुणी सायकलवर आणत नाही, आणि पट्टा आखणाऱ्या साहेबांच्या नकाशात हा टेम्पो सहसा नसतो. कोपनहेगनच्या स्ट्रॉयेट या बाजाररस्त्यावर नोव्हेंबर १९६२मध्ये मोटारी बंद झाल्या, तेव्हा तिथले व्यापारीही बिथरले होते. पुढे तिथे माल उतरवायला सकाळची वेळ ठरली आणि दुकानंही चालत राहिली. आपल्याकडे बंदी आधी येते, टेम्पोची आठवण मागाहून होते.

बडोद्यात हा प्रश्न मांडवीत उभा आहे. लहेरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी या चारही दरवाजांकडून येणारे रस्ते तिथे मिळतात. मंगळबाजारात पथारावाले, दुकानदार आणि रिक्षा एकाच पट्टीवर हक्क सांगतात. तिथे सायकलपट्टा आखायच्या आधी दिवाळीच्या तोंडावर एक दिवस लहेरीपुरा दरवाज्यापाशी माणसं बसवून मोजावं : पायी किती आले, दुचाकीवर किती, मोटारीने किती. मोजणारे निम्मे व्यापाऱ्यांचेच असावेत, म्हणजे आकड्यांवरून तरी भांडण नको.

पुढच्या खेपेला रुंदीचा हिशेब नक्की. सुरुवात करू दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेल्या सायकलीपासून.